पाच वाजता थांबलेला चार्ट : एप्रिल 2020 च्या क्रूड वायद्याचं प्रकरण

20 एप्रिल 2020, सोमवार, संध्याकाळचे पाच. एमसीएक्सवर, म्हणजे मुंबईच्या वस्तूंच्या वायदे बाजारात, क्रूड ऑइलच्या (कच्च्या तेलाच्या) एप्रिल वायद्याचा शेवटचा भाव पडला 965 रुपये बॅरल. वायदा म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेचा, आजच भाव ठरवून केलेला सौदा. त्यानंतर पडद्यावर काहीच हललं नाही. दिवसाची कँडल (दिवसाच्या भावांची उभी पट्टी) पूर्ण झाली, आरएसआयची (भावाच्या चढउतारांचा जोर मोजणाऱ्या निर्देशांकाची) रेघ थांबली, सरासऱ्या होत्या तिथेच राहिल्या. वायदा त्याच दिवशी संपत होता, म्हणजे चार्टच्या लेखी गोष्ट 965 वर आटोपली. हिशेब मात्र झाला उणे 2,884 रुपयांनी.

एका लॉटमध्ये 100 बॅरल असतात. 965 ला लाँग असलेल्या, म्हणजे भाव वाढेल म्हणून खरेदी करून बसलेल्या, माणसाला एका लॉटमागे 3,84,900 रुपये भरावे लागले. त्याच्या चार्टवर या घसरणीची एक रेघही उमटली नव्हती.

या प्रकरणावर तेव्हा बरंच बोललं गेलं: कोरोना, तेलाचा महापूर, एक्स्चेंजची जबाबदारी. मला इथे एकाच बाजूने बघायचं आहे. जो माणूस चार्टिंग सॉफ्टवेअर उघडून, इंडिकेटर (भावांवरून काढलेले निर्देशांक) लावून, नियम पाळून क्रूडमध्ये तेजीत शिरला, त्याला पडद्याने काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही? हा ट्रेडर कल्पित आहे, असं वागणारे मात्र त्या आठवड्यात पुष्कळ असणार. आकडे त्या दिवसांचेच आहेत.

शनिवार-रविवारचा अभ्यास

शुक्रवार, 17 एप्रिल. न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदे बाजारात डब्ल्यूटीआय या अमेरिकी क्रूडचा मे महिन्याचा वायदा 18.27 डॉलरवर सेटल झाला, म्हणजे त्या दिवसाच्या हिशेबाचा भाव तो ठरला. जानेवारीत हेच तेल 60 डॉलरच्या वर होतं. मार्चच्या सुरुवातीला सौदी अरेबिया आणि रशियाचं उत्पादन-कपातीवरून फाटलं, 9 मार्चला भाव एका दिवसात 41.28 वरून 31.13 वर आला आणि 18 मार्चला 20.37 पर्यंत घसरला. 3 एप्रिलला तो उसळून 28.34 वर गेला आणि तिथून हळूहळू उतरत 18.27 वर आला. अठरा वर्षांतला नीचांक.

आता आपला ट्रेडर चार्ट उघडतो. दैनिक कँडल, 14 दिवसांचा आरएसआय, 20 दिवसांचे बोलिंजर बँड (सरासरीच्या वर-खाली काढलेल्या, भाव किती हलतो त्यावर रुंदावणाऱ्या दोन रेघा). यात वावगं काही नाही, निम्मा बाजार हेच लावून बसलेला असतो.

आरएसआय काय सांगत होता ते हाताने मोजून पाहण्यासारखं आहे. 18 मार्चला संपणाऱ्या 14 दिवसांत वाढीच्या दिवसांची बेरीज होती सुमारे 5.9 डॉलर आणि घसरणीच्या दिवसांची सुमारे 32.6. साध्या सरासरीने आरएसआय येतो 15 च्या आसपास, म्हणजे ओव्हरसोल्डच्या (प्रमाणाबाहेर विक्री झाल्याच्या) 30 च्या रेषेपासून फार खाली. 17 एप्रिलला संपणाऱ्या 14 दिवसांत वाढ सुमारे 9.9 आणि घसरण 13.1, आरएसआय 43. वेल्स वाइल्डरने 1978 मध्ये हा निर्देशांक मांडला तेव्हा दिलेल्या सरासरीच्या पद्धतीने आकडे थोडे वेगळे येतील, चित्र तेच राहील: भावाने नवा तळ केला, आरएसआयने केला नाही. याला बाजारात पॉझिटिव्ह डायव्हर्जन्स म्हणतात. विक्रीचा जोर ओसरतोय, उलटण्याची शक्यता आहे, असा त्याचा पाठ.

बँडचंही तसंच. 20 दिवसांची सरासरी साडेबावीसच्या आसपास आणि खालचा बँड सुमारे 17.6 ला. भाव 18.27, म्हणजे जवळजवळ खालच्या बँडवर टेकलेला. त्यात 12 एप्रिलला ओपेक या तेल-निर्यातदार देशांच्या संघटनेने आणि सहकारी देशांनी रोज 97 लाख बॅरलची कपात जाहीर केलेली.

हे वाचन हास्यास्पद नव्हतं. नंतर बरेच शहाणे सांगत सुटले की कोसळणाऱ्या सुरीला हात लावायचाच नसतो. पण 17 एप्रिलला तो चार्ट एखाद्या अनुभवी माणसापुढे ठेवला असता तर त्यानेही ‘लहान पोझिशन घ्यायला हरकत नाही’ असंच म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं.

आणि या प्रकरणातली खरी गंमत पुढे आहे. हे वाचन बरोबर ठरलं. तेलाचा तळ त्याच आठवड्यात झाला. बरोबर ठरलेल्या वाचनावर पैसे लावणारा माणूस इतका बुडाला कसा, हा या प्रकरणातला प्रश्न आहे.

एप्रिल म्हणजे मे

पहिला घोळ नावातच. एमसीएक्सवर 20 एप्रिलला संपणारा ‘एप्रिल’ वायदा नायमेक्सच्या ‘मे’ वायद्याला बांधलेला होता. तिकडचा मे वायदा 21 एप्रिलला संपत होता, इकडचा त्याच्या आदल्या दिवशी. एमसीएक्सवर तेलाचे पिंप कोणी घरी आणून देत नाही, सौदा रोखीने मिटतो. मिटवण्याचा भाव ठरतो तो नायमेक्सच्या त्या दिवशीच्या सेटलमेंटला रुपया-डॉलरच्या संदर्भदराने गुणून. कराराच्या अटींत हे लिहिलेलं होतं, गुपित काहीच नव्हतं.

पण याचा अर्थ नीट घ्यायला हवा. एमसीएक्सचा क्रूडचा चार्ट ही दुसऱ्या चार्टची रुपयांतली सावली आहे. एरवी सावली आणि माणूस बरोबर चालतात, म्हणून आपण सावलीवर ट्रेंडलाइन ओढतो आणि ती चालते. एक्सपायरीच्या, म्हणजे वायदा संपण्याच्या, दिवशी मात्र सावलीचा शेवटचा भाव हिशेबात धरला जात नाही, माणसाचा धरला जातो.

दुसरा घोळ सतत चार्टचा. कमोडिटी वायदा दर महिन्याला मरतो आणि नवा पुढे येतो. सॉफ्टवेअर हे तुकडे शिवून एक लांबलचक चार्ट देतं, कारण 14 दिवसांचा आरएसआय किंवा 200 दिवसांची सरासरी काढायला इतिहास लागतो. शिवण कशी घालायची याच्या दोन-तीन पद्धती आहेत आणि बहुतेकांनी त्या सेटिंगकडे कधी पाहिलेलंच नसतं.

17 एप्रिलला मे वायदा 18.27 ला होता आणि जून वायदा 25.03 ला. काहीच न जुळवता शिवण घातली तर चार्टवर एका रात्रीत 6.76 डॉलरची, म्हणजे 37 टक्क्यांची उडी दिसते. सरासऱ्या वर वळतात, एमएसीडी (दोन सरासऱ्यांच्या फरकावर चालणारा इंडिकेटर) खरेदीचा इशारा देतो, ‘गॅप-अप ब्रेकआउट’चा, म्हणजे भाव उडी मारून वर निघाल्याचा, अलर्ट वाजतो. प्रत्यक्षात बाजारात कोणीही एक पैसा कमावलेला नसतो, फक्त महिना बदललेला असतो. फरकाने जुळवून घेतलं, म्हणजे मागच्या सगळ्या भावांत 6.76 मिळवले, तर उडी जाते पण मागचे भाव खरे राहत नाहीत. तुम्ही ‘28 चा रेझिस्टन्स’ (भाव वर जाताना अडतो ती पातळी) म्हणून रेघ ओढता, ती पावणेपस्तीसला जाते. यातली कुठलीही पद्धत चूक नाही. कोणती लावली आहे हे ठाऊक नसणं मात्र महाग पडतं.

रस्त्यावर पडलेले पावणेसात डॉलर

त्या शनिवार-रविवारी सगळ्यात मोठा इशारा कुठल्याही इंडिकेटरमध्ये नव्हता. तो होता दोन भावांच्या वजाबाकीत.

मे 18.27, जून 25.03. विचार करा: आज तेल घेतलं, महिनाभर टाकीत ठेवलं आणि जूनचा वायदा विकून ठेवला तर बॅरलमागे 6.76 डॉलर हाती पडतात. भावाची जोखीम नाही, अंदाज करायचा नाही. टाकीचं भाडं आणि व्याज वजा जाता जे उरेल ते फुकट. एरवी असं काही दिसलं की तेल-व्यापारी तुटून पडतात आणि त्यांच्याच खरेदी-विक्रीने फरक आटतो. म्हणून पुढच्या महिन्याचा भाव साठवणुकीच्या खर्चापेक्षा फार पुढे पळू शकत नाही.

इथे फरक उघड्यावर पडला होता आणि कोणी उचलत नव्हतं. याचं कारण एकच असू शकतं: टाकी मिळत नव्हती.

डब्ल्यूटीआयचा वायदा प्रत्यक्ष डिलिव्हरीचा आहे आणि डिलिव्हरी होते ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग गावी. समुद्र नाही, बंदर नाही. पाइपलाइनींचं जंक्शन आणि टाक्यांची रांग. तिथली वापरता येण्याजोगी साठवण सुमारे 7.6 कोटी बॅरल. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातली जवळपास 6 कोटी भरलेली, आणि उरलेली जागा रिकामी दिसत असली तरी बहुतेक आधीच भाड्याने गेलेली. जगभर विमानं जमिनीवर आणि गाड्या घरी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा त्या महिन्याचा अंदाज होता की एप्रिलमधली मागणी आदल्या वर्षापेक्षा रोज 2.9 कोटी बॅरलने कमी राहील. ओपेकची कपात सुरू व्हायची होती 1 मेपासून. वायदा संपत होता त्याच्या दहा दिवस आधी.

आता यात आणखी एक आकडा मिसळा. एक्सपायरी दोन दिवसांवर असताना नायमेक्सच्या मे वायद्यात एक लाखाहून जास्त सौदे उघडे होते. एक सौदा 1,000 बॅरलचा. म्हणजे दहा कोटी बॅरलहून जास्त, कुशिंगच्या सगळ्या टाक्या मिळूनही मावणार नाही इतकं कागदी तेल. यातल्या बहुतेकांना तेल नको होतं, भावातला फरक हवा होता. शेवटच्या दोन दिवसांत हे सगळे लाँग एकाच दाराने बाहेर पडणार होते, आणि दाराबाहेर घेणारा तोच ज्याच्याकडे टाकी आहे. अशा वेळी तो भाव सांगतो आणि तुम्ही मुकाट्याने मान्य करता.

हे सगळं चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये बघता आलं असतं का? आलं असतं, अगदी सहज. जवळजवळ प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन चिन्हांची वजाबाकी करून स्प्रेडचा चार्ट काढता येतो. मे वजा जून. 17 एप्रिलला तो उणे 6.76 होता, 20 एप्रिलच्या सेटलमेंटला उणे 58.06. महिन्यानुसार ओपन इंटरेस्ट, म्हणजे किती सौदे उघडे आहेत तेही, दिसतं. पण आपल्या ट्रेडरच्या पडद्यावर जेवढे इंडिकेटर होते ते सगळे एकाच भावमालिकेतून काढलेले. आरएसआय, बँड, एमएसीडी, स्टोकॅस्टिक यांनी एकाच वेळी होकार दिला की आपल्याला वाटतं चार साक्षीदार मिळाले. साक्षीदार एकच असतो, चार वेळा बोलतो.

त्या रात्रीचं वेळापत्रक

लॉकडाऊनमुळे एमसीएक्सचे तास 30 मार्चपासून कमी केले होते. एरवी रात्री साडेअकरापर्यंत चालणारा बाजार संध्याकाळी पाचला बंद होत होता. भारतात पाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्या दिवसांत सकाळचे साडेसात. म्हणजे 965 हा भाव पडला तेव्हा तिकडचा कामाचा दिवस उजाडत होता. सुमारे साडेबारा डॉलर. शुक्रवारच्या मानाने मोठी घसरण, तरी अजून ‘भाव’ म्हणावा असा.

भारतीय वेळेने पुढे काय झालं ते असं. रात्री साडेअकराला, म्हणजे एरवी एमसीएक्स बंद होण्याच्या वेळी, न्यूयॉर्कमध्ये दुपारचे दोन वाजले होते आणि भाव शून्याकडे धावत होता. 11 वाजून 38 मिनिटांच्या सुमारास तो पहिल्यांदा शून्याखाली गेला. सेटलमेंटचा भाव न्यूयॉर्कच्या 2:28 ते 2:30 या दोन मिनिटांतल्या सौद्यांवरून ठरतो. आपल्याकडे तेव्हा बरोबर मध्यरात्र. दिवसाचा नीचांक उणे 40.32, सेटलमेंट उणे 37.63. शुक्रवारपासून 55.90 डॉलरची घसरण.

यातून एक गोष्ट निघते जी तेव्हाच्या आरडाओरड्यात हरवली. बाजार नेहमीसारखा साडेअकरापर्यंत चालू असता तरीही तो भाव उणे होण्याच्या आठ मिनिटं आधी बंद झाला असता, आणि सेटलमेंट ठरण्याच्या अर्धा तास आधी. लांब तासांनी लोकांना बाहेर पडायची संधी दिली असती हे खरं. साडेसहा तास घसरण डोळ्यांसमोर चालू असती तर कोणीही झोपला नसता. पण जो शेवटपर्यंत थांबला असता त्याला आपला शेवटचा भाव तरीही पडद्यावर दिसला नसता.

स्टॉपलॉसची गोष्ट तर आणखी साधी. आपल्या ट्रेडरने समजा 900 ला स्टॉप लावला होता. स्टॉपलॉस म्हणजे एक्स्चेंजकडे ठेवलेली सशर्त ऑर्डर. बाजार बंद झाला की ती झोपते, आणि वायदा संपला की मरते. 965 ला बाजार बंद झाला, 900 आलंच नाही, स्टॉप लागला नाही. पुढे हिशेब थेट उणे 2,884 चा.

आणि त्याचा मनातला हिशेब? ‘फार तर शून्य होईल. 965 गुणिले 100, एका लॉटला 96,500 जातील.’ हा हिशेब त्या दिवशी हजारोंनी केला असेल. एखाद्या शेअरबाबत तो चोख आहे, कंपनी बुडाली तरी शेअरहोल्डरकडून कोणी जास्तीचे पैसे मागत नाही. पण वायदा ही मालकी नाही, माल ताब्यात घेण्याचं वचन आहे. माल न्यायला जागा नसेल तर वचनातून सुटायला पैसे मोजावे लागतात. उणे भाव म्हणजे एवढंच.

एमसीएक्सने त्या रात्री तात्पुरता हिशेब 1 रुपयाने लावला होता. काही तास लाँग मंडळींना वाटलं असेल की 96,400 वर सुटलो. दुसऱ्या दिवशी अंतिम दर आला: उणे 2,884. उलट भागून पाहिलं तर 37.63 डॉलरला सुमारे 76 रुपये 64 पैसे. करारात लिहिल्याप्रमाणे. दुसऱ्या टोकाला जे शॉर्ट होते, म्हणजे विकून बसले होते, त्यांना तेच 3,84,900 रुपये लॉटमागे मिळाले, हेही सांगायला हवं. वायद्यात पैसा हवेत विरत नाही.

शून्याच्या खाली सॉफ्टवेअर

त्या दिवशी माणसांइतकीच सॉफ्टवेअरंही गडबडली. एमसीएक्सच्या यंत्रणेत तेव्हा शून्याखालच्या भावाची ऑर्डर घेण्याची सोय नव्हती. अमेरिकेत एका मोठ्या ऑनलाइन ब्रोकरची यंत्रणाही उणे भावासाठी तयार नव्हती, ग्राहकांना विकता येईना. तिथल्या नियामकाने, सीएफटीसीने, 2021 मध्ये त्या ब्रोकरला दंड केला आणि ग्राहकांचे पैसे परत करायला लावले. चीनमध्ये एका मोठ्या बँकेने किरकोळ ग्राहकांना विकलेली क्रूडशी जोडलेली योजना याच मे वायद्यात अडकली, तिथेही दंड झाला.

इशारा नव्हता असं मात्र नाही. नायमेक्स चालवणाऱ्या सीएमईने 15 एप्रिललाच कळवलं होतं की ऊर्जा वायद्यांचे भाव शून्याखाली गेले तरी आपली यंत्रणा चालेल, आणि तपासायला व्यवस्थाही दिली होती. पाच दिवस आधी! एक्स्चेंजचं परिपत्रक वाचणं हे कंटाळवाणं काम, त्यात रंगीत रेघा नसतात.

इंडिकेटरांच्या गणिताचं काय झालं, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. आरएसआयला उणे भावाचं वावडं नाही. तो फरकांवर चालतो, भावावर नाही. बोलिंजर बँडही निघतात: 20 एप्रिलचा उणे 37.63 धरला तर सरासरी साडेएकोणीसच्या आसपास येते आणि बँड पसरतात उणे 7 पासून अधिक 46 पर्यंत. गणित बरोबर, उपयोग शून्य. पुढचे वीस दिवस तो एक आकडा खिडकीत बसून राहणार आणि बाजार कितीही हलला तरी बँड त्याला ‘शांत’ म्हणणार.

टक्केवारीवर चालणारी प्रत्येक गोष्ट मात्र कोलमडते. 18.27 वरून उणे 37.63 म्हणजे 306 टक्के घसरण, आणि तिथून दुसऱ्या दिवशी 10.01 वर येणं म्हणजे किती टक्के वाढ? उत्तराला काही अर्थच नाही. लॉग स्केलवर (गुणोत्तराने मोजणाऱ्या पट्टीवर) उणे आकडा काढताच येत नाही. ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या) किमती काढणाऱ्या प्रचलित सूत्रात भावाचा लॉगॅरिदम असतो. सीएमईला 22 एप्रिलपासून तेलाच्या ऑप्शनसाठी ते सूत्र बाजूला ठेवून बाशलिए या फ्रेंच गणितज्ञाचं जुनं सूत्र घ्यावं लागलं, ज्यात उणे भाव चालतो. आणि गुणोत्तराने शिवलेला सतत चार्ट तर वेडाच होतो: 20 एप्रिलच्या सेटलमेंटवर शिवण घातली तर जूनचे 20.43 भागिले मेचे उणे 37.63, गुणक उणे 0.54. या गुणकाने मागचे सगळे भाव गुणले की जानेवारीतले 60 डॉलर उणे 32 होतात आणि संपूर्ण इतिहास आरशात उलटतो. त्यावर बॅकटेस्ट (जुन्या भावांवर पद्धतीची चाचणी) चालवली तर तेजीची पद्धत मंदीत नफा दाखवेल. संगणक मात्र चूक दाखवणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने भागाकार बरोबर आहे.

वाचन बरोबर, सौदा चूक

आता त्या डायव्हर्जन्सकडे परत येऊ. समजा त्याच ट्रेडरने तोच इशारा मानून, पण संपत आलेला वायदा सोडून, नायमेक्सच्या जून वायद्याच्या भावावर लाँग घेतला. प्रवेश 25.03. सोमवारी तो 20.43 वर आला. मंगळवारी 11.57. दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त. 100 बॅरलच्या हिशेबाने 1,346 डॉलरचा खड्डा, लाख रुपयांहून जास्त. हा जून वायदा 19 मे रोजी संपला तेव्हा भाव होता 32.50.

म्हणजे आरएसआयचं म्हणणं खरं ठरलं. विक्रीचा जोर संपत आला होता, महिन्याभरात भाव प्रवेशाच्या तीस टक्के वर गेला. ज्याच्या खात्यात 13 डॉलरची उलट चाल सोसायची ताकद होती त्याला पैसे मिळाले. पण अशी ताकद ठेवायची तर पोझिशन इतकी लहान घ्यावी लागली असती की आपला ट्रेडर तिला ‘घेऊन काय उपयोग’ म्हणाला असता. आणि ज्याने शिस्तीने दोन-तीन डॉलरचा स्टॉप लावला तो सोमवारीच बाहेर फेकला गेला. छोटा तोटा, बरोबर वाचन, पुढची तेजी हुकली. माझ्या मते हाच त्यातल्या त्यात बरा शेवट होता.

या प्रकरणावरून ‘टेक्निकल अ‍ॅनालिसिस म्हणजे ज्योतिष’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. ‘शंभर वर्षांत एकदा घडणारी गोष्ट, कोण काय करणार’ म्हणणाऱ्यांशी तर त्याहून नाही. बाहेर पडायला काय लागत होतं ते पाहा. क्रूडच्या एक्सपायरीच्या आठवड्यात व्यवहार पुढच्या महिन्यात सरकतात, संपत्या वायद्यात उरतात ते डिलिव्हरीवाले आणि उशीर झालेले. आपण पहिल्यांत नाही हे कळायला आरएसआय लागत नाही. म्हणून मी चार्टच्या चिन्हात महिना लिहिलेला असल्याशिवाय ऑर्डर टाकत नाही. सतत चार्ट इतिहासापुरता, सौदा नेहमी ठरावीक महिन्याच्या चार्टवर. शेजारी दोन महिन्यांच्या स्प्रेडची खिडकी उघडी, आरएसआयसारखा एखादा इंडिकेटर काढून टाकून जागा केलेली. आणि एक्सपायरीच्या चार-पाच दिवस आधी नफा असो वा तोटा, हात झटकून बाहेर. रोख सेटलमेंट आहे म्हणून शेवटपर्यंत बसायला हरकत नाही, ही समजूत तर डोक्यातून काढूनच टाकावी. डिलिव्हरी आपल्याला घ्यायची नसली तरी ज्या भावाने आपला हिशेब होतो तो डिलिव्हरीच्या कचाट्यातच तयार होतो.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट सुटलेली नाही. पोझिशन किती घ्यायची हे ठरवायला आपण एटीआर वापरतो, म्हणजे गेल्या काही दिवसांची सरासरी हालचाल. त्या शुक्रवारपर्यंतच्या पंधरवड्यात बंद भाव दिवसाला सरासरी पावणेदोन डॉलरच्या आसपास हलत होता. त्यावरून काढलेला कुठलाही लॉट-आकार 55.90 ला पुरला नसता. अतिरेकी सावधगिरीनेही नाही. त्या जोखमीचं माप मागच्या भावांत नव्हतंच, ते कुशिंगच्या टाक्यांत होतं. तिथल्या साठ्याचा आकडा दर बुधवारी जाहीर होतो, पण त्यावरून लॉट किती घ्यावा याचं सूत्र माझ्याकडे नाही.

पुढे काही ब्रोकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2020 मध्ये सेबीने शून्याजवळच्या आणि शून्याखालच्या भावांसाठी वेगळी जोखीम-व्यवस्था आखून दिली. आजही सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यूटीआयचा सतत चार्ट उघडून 2020 पर्यंत मागे गेलात तर शिवण कशी घातली आहे त्यावर काय दिसतं ते ठरतं. काहींत ती लांब कँडल शून्य भेदून खाली जाते. जिथे महिना आधीच बदललेला आहे तिथे त्या दिवशी 20.43 ची साधीशी लाल कँडल दिसते. आणि एमसीएक्सच्या एप्रिल 2020 वायद्याच्या व्यवहारांचा चार्ट अजून 965 वरच थांबलेला आहे.